भिंतीवर उतरणारी गल्ली

माझी मावशी लॉन्ड्रीत इस्त्री करते. माझ्या जन्माच्या आधीपासून करते आहे, आणि "आता पुरे" असं तिला अजून कुणी म्हटलेलं नाही. म्हणायची कुणाची छाती झालेली नाही, हे जास्त खरं. अर्धं आयुष्य वाफेसमोर उभं राहून गेल्यामुळे उन्हाळ्याचं तिला काही कौतुक नाही. रस्त्यात कुणी भेटलं आणि "काय उकडतंय हो" म्हणालं, की ती म्हणते, "हो का? मला वाटलं वारा सुटलाय." तिची जीभही त्या इस्त्रीच्याच घराण्यातली. समोरच्याला एका फेरीत सरळ करते. कधी मात्र नको तेवढा वेळ टेकून राहते, आणि मग कापड जळतं.

उन्हाळ्यात लॉन्ड्री दुपारीच बंद होते, म्हणून मी आणि आई दरवर्षी त्याच दिवसांत तिच्याकडे राहायला जातो. मावशीने लग्न केलं नाही. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, एक पलंग, एक कपाट, आणि फिरताना प्रत्येक गोष्टीला 'नाही, नाही' म्हणणारा पंखा, एवढा तिचा संसार. "उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जायचं सोडून तिथे भट्टीत काय जाता?" असं मला ऑफिसात विचारतात. मी सांगत नाही. सांगून कुणाला पटणार आहे, की आम्ही तिथे अंधारात आडवे पडून गल्ली बघतो?

त्याचं असं आहे. मावशीच्या खिडकीला जुनी लाकडी दारं आहेत. एका फळीतली गाठ केव्हातरी निखळून पडली आणि तिथे वाटाण्याएवढं भोक राहिलं. ती इथे राहायला आली त्या पहिल्या उन्हाळ्यात, दारं लावून घेतल्यावर त्या भोकातून येणारा उजेड तिच्या डोळ्यांत खुपला. बुजवायला म्हणून तिने चिंधीचा बोळा केला, सहज मागे वळून पाहिलं, आणि बोळा हातातच राहिला. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर आख्खी गल्ली उतरली होती. डोकं खाली, पाय वर.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. आकाश फरशीला टेकलेलं. त्याच्यावर समोरच्या दुकानांची बंद शटरं, त्याच्याही वर रस्ता, आणि छताला पाय लावून चालणारी माणसं. छत्री घेतलेली बाई गेली तर छत्रीची वाटी होते आणि बाई तिच्यात अलगद बसून गेल्यासारखी दिसते. रंग सगळे खरे, फक्त पाण्यात बुडवून काढल्यासारखे. आवाज पाठीमागच्या खिडकीतून येतो आणि चित्र समोर हलतं, त्यामुळे सायकलची घंटी आधी मानेवर वाजते, मग सायकल छतावरून जाते. पाहता पाहता डोळा लागतो. जाग येते तेव्हा झोपेतलं काय आणि भिंतीवरचं काय, हे कळायला थोडा वेळ लागतो.

दुसरं कुणी असतं तर बघून गप्प बसलं असतं. मावशीने पेन्सिल घेतली. लॉन्ड्रीत काही चादरी अशा असतात की त्या धुवायला टाकून लोक नेतच नाहीत. मालक वर्षभर वाट बघतो आणि मग मावशीला म्हणतो, "घेऊन जा, इथे जागा अडते." त्यातली एक चादर तिने भिंतीवर टाचणीने ताणून लावली, आणि जे हलत नाही ते पेन्सिलने गिरवून घेतलं. बसथांब्याचं पत्र्याचं छप्पर, शटरं, विजेचा खांब, कोपऱ्यातलं झाड. संध्याकाळी चादर काढून फिरवायची, आकाश वर आणि रस्ता खाली. झाली गल्ली सरळ. मग मागच्या बाजूच्या गॅलरीत बसून साखळी टाक्याने भरायला घ्यायची. दुकानांच्या पाट्या मात्र ती कोऱ्या ठेवते. "अक्षरं धड उलटीही नाहीत आणि सुलटीही नाहीत, गरगरायला होतं," असं ती एकदा म्हणाली होती. आम्ही कुणी त्यावर विचार केला नाही. उन्हाळ्यात विचार कोण करतं?

त्या वेळी आईही विणत असते. ती अंधारातही विणते, नुसत्या बोटांच्या अंदाजाने. ते गेली कित्येक वर्षं लांबत चाललं आहे, आणि ते काय आहे हे अजून ठरलेलं नाही. मावशी म्हणते, "तुझा मफलर बसथांब्यापर्यंत पोचला की सांग, उतारूंना धरायला होईल." आई ऐकून न ऐकल्यासारखं करते. धाकट्या बहिणींना हे जमतंच.

या दोघींच्या मधला भाऊ म्हणजे मामा. तो तिथे कधी येत नसे, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

मामा लांब पल्ल्याच्या बसचा ड्रायव्हर होता. आता निवृत्त झाला. मनाने लोण्यासारखा, पण एक खोड जन्माची. रस्ता विचारायचा नाही. कुणाला म्हणजे कुणालाच नाही. विचारणं म्हणजे त्याला हात पसरल्यासारखं वाटतं. आईच्या लग्नाला तो ड्यूटीवरून परस्पर यायचा होता. तो चुकीच्या कार्यालयात गेला, भलत्याच लग्नात जाऊन बसला, आणि चूक लक्षात आल्यावरही पोटभर जेवूनच उठला. का, तर मधेच उठलं की लोक विचारणार, कुणाकडचे तुम्ही? मावशीने त्याचं नाव 'राजे' ठेवलं ते तेव्हापासून. राजांना वाट पुसावी लागत नाही, वाटच त्यांच्याकडे येते, असं ती म्हणायची. त्या वेळी सगळे हसायचे.

आजी शेवटची आजारी होती तेव्हा मावशी तिच्याजवळ होती आणि मामा बस घेऊन दूर कुठेतरी. दुपारी त्याला निरोप मिळाला. कुणाची तरी मोटारसायकल घेऊन तो निघाला. संध्याकाळपर्यंत पोचायला हवा होता, पोचला तो सकाळी. रात्रभर आजी दाराकडे बघत होती आणि उजाडायच्या आत गेली. मामा उंबऱ्यात उभा राहिला, धुळीने भरलेला, आणि मावशी सगळ्यांसमोर त्याला म्हणाली, "सगळ्या जगाला घरी पोचवतोस. आईच्या दाराचा रस्ता तेवढा सापडला नाही होय?"

सगळं आटोपल्यावर मामा निघून गेला. पुढे मावशी या दोन खोल्यांत आली, आणि तो एकदाही आला नाही. वैर म्हणावं असं काही नव्हतं. आई निघाली की तिच्याबरोबर भलंमोठं कलिंगड द्यायचा, जे उचलताना तिचा खांदा निखळायची वेळ यायची. "तिथला पंखा चालतो ना नीट?" असंही हळूच विचारायचा. मावशी ते कलिंगड कापताना म्हणायची, "राजांना चांगलं कलिंगड कळतं. एवढं एकच कळतं." आणि पहिली फोड बाजूला काढून ठेवायची. ती कुणी खात नसे.

एकदा गॅलरीत मी आणि ती दोघीच असताना, सुईत दोरा ओवता ओवता ती म्हणाली, "मी बोलले ते खोटं नव्हतं. पण ते बोलायची वेळ होती का ती? अजून जीभ भाजते बघ माझी." मी म्हटलं, मग सांग ना त्याला. तर ती म्हणाली, "तोंडाने सांगायला गेले तर त्यात आणखी चार शब्द निघतील. मला ओळखत नाहीस का तू?"

म्हणून गेल्या वर्षी थंडीत तिने एक चादर कापून त्याचा टेबलावर घालण्याएवढा चौकोन केला आणि त्यावर भिंतीची जुनी रेघ उतरवून गल्ली भरली. बसथांबा, आणि थांब्यापासून ओळीने एक, दोन, तीन, चार शटरं. चौथं शटर तिने निळ्या दोऱ्याने भरलं, बाकीची राखाडी. तिचं घर त्याच्या बरोबर समोर. पण घर चित्रात नव्हतंच. घरातून सगळं दिसतं, घर सोडून. मग तिने खालच्या काठाशी, निळ्या शटराच्या समोर, लाल दोऱ्याची एक गाठ घातली. ही मी, असं म्हणाली.

ते मामाकडे न्यायला आलेल्या आईने विचारलं, "बरोबर चिठ्ठी?"

"चिठ्ठी कशाला? यायचं असेल त्याला एवढं पुरे. आणि तू मधे तोंड घालायचं नाहीस. पत्ता पाठ करून घ्यायचा नाहीस त्याच्याकडून. त्याला त्याचं त्याला येऊ दे."

आईने तोंड घातलं नाही. कापड देताना फक्त बसचा नंबर आणि थांब्याचं नाव सांगून टाकलं, आणि आम्ही कोणत्या आठवड्यात तिथे असू तेही. तिच्या मते हे तोंड घालण्यात मोडत नाही. मामाने कापड उलगडलं, बराच वेळ बघितलं, घडी घातली आणि कपाटावर ठेवलं. "छान आहे," म्हणाला. एवढंच.

तो आठवडा आला. पहिले काही दिवस आम्ही तिघी नेहमीसारख्या पडून राहिलो. फरशी ओल्या फडक्याने पुसायची, दारं लावायची, लिंबूपाण्यात बर्फ टाकायचा, आणि भिंत बघायची. फरक इतकाच, की थांब्यावर बस लागली की आईची बोटं थांबायची. मावशी चित्राकडे बघतही नाही असं दाखवायची, पण बस गेली की ग्लासातला बर्फ उगाच हलवायची. मला त्या आवाजाचा राग यायला लागला. मामाचाही यायला लागला. एवढा मोठा माणूस, बस चालवून अर्धं आयुष्य घालवलं, आणि बसमध्ये बसून बहिणीकडे येता येत नाही?

शेवटून दुसरा दिवस. दुपार अशी, की गल्लीतली कुत्रीसुद्धा सावलीचं माप घेऊन झोपलेली. भिंतीवर काहीच हलत नव्हतं. मला डुलकी लागली होती, आणि आजी छतावरून चालत कुठेतरी निघाली आहे, पाय धुळीने भरलेत, असं काहीसं दिसत होतं. तेवढ्यात पाठीमागे बसचा ब्रेक वाजला. डोळे उघडले तर भिंतीच्या उजव्या कडेला, कपाटाजवळ, थांब्याच्या छपराखाली एक माणूस उतरला. डोकं खाली, पांढरा शर्ट, हातात काहीतरी फडफडतंय.

"दादा!" आई उठून बसली. "ताई, दादा!"

मावशीने तिचा हात धरला. "थांब."

"अगं थांब काय? मी खाली जाते."

"नाही जायचं. येतोय ना तो? येऊ दे." तिचा आवाज कापत होता. तो कापलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "उजवा पाय कसा फेकतो बघ. अजून ब्रेकवरच आहे त्याचा पाय."

छताजवळ उलटा मामा उभा होता. तो कापड बघत होता. शटरांकडे बघत होता. पुन्हा कापड. मग त्याने कापडाची घडी घातली आणि चालू लागला. उजवीकडे. कपाटाच्या मागे, भिंतीच्या बाहेर.

थांबा तसाच राहिला, रिकामा. पंखा सगळ्याला नाही नाही म्हणत फिरत होता.

"गेला," आई म्हणाली.

मावशी पलंगावर बसली, आणि मला ती एकदम म्हातारी दिसली. "बघितलं त्याने," ती म्हणाली. "बघितलं, विचार केला, आणि गेला. बरोबर आहे त्याचं. माझ्यासारखीच्या दारात कोण येईल?" मला रडू येत होतं आणि मामाला दोन धपाटे घालावेसेही वाटत होते. मी तिच्याशेजारी बसले. पलंगावरच्या चादरीवर हात फिरवत राहिले. त्या चादरीवरही तीच गल्ली होती. उन्हाळ्यामागून उन्हाळे आम्ही तिच्यावर झोपलो होतो.

माझा हात थांब्यावर होता. चादरीवर थांबा डाव्या बाजूला होता.

मी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर थांबा उजवीकडे, कपाटाजवळ. खिडकी उघडून बाहेर वाकलं तरी तो उजवीकडेच दिसतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी काही बोलायच्या आतच मावशीने माझ्या हाताकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग परत चादरीकडे.

"अगं बाई," ती म्हणाली. "मी गल्ली उलटी शिवली!"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. भिंतीवरचं चित्र सरळ करायला चादर फिरवली की वरचं खाली येतं, हे तिला कळत होतं. पण त्याबरोबर डावं उजवीकडे जातं, हे तिच्या, आईच्या, माझ्या, कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. खऱ्या गल्लीत थांब्यावर उतरून शटरांकडे तोंड केलं, की चौथं शटर येतं डाव्या हाताला. कापडावर ते होतं उजव्या हाताला. आणि ते कापड तिने साऱ्या दुनियेत नेमकं त्या एका माणसाला पाठवलं होतं, जो रस्ता विचारत नाही.

मावशी धावली. तिला धावताना मी कधी बघितलं नव्हतं. दोन दोन पायऱ्या उतरत ती खाली गेली, तशीच, अनवाणी. मी दारातल्या तिच्या चपला उचलल्या आणि मागे पळाले. आई जिन्यातून ओरडत होती, "छत्री घ्या गं, छत्री!" बाहेरचं ऊन पहिल्यांदा डोळ्यांवर आलं, मग अंगावर. गल्ली सरळ उभी होती. इतका वेळ उलटी बघितल्यावर ती सरळ गल्लीच मला स्वप्नातली वाटली. रस्त्याचं डांबर मऊ झालं होतं. मावशीचे पाय त्यावर पडत होते, आणि ती थांबत नव्हती.

थांब्याच्या पलीकडे चौथं शटर पंक्चरवाल्याचं आहे. ते अर्धं उघडं होतं. आत तो टायरवर डोकं ठेवून झोपला होता. समोर घर नव्हतंच, गोदामाची लांबलचक भिंत, तिला एक खिडकीही नाही. मामा शटरापाशी उभा होता. शर्ट पाठीला चिकटलेला. एकदा त्याने त्या भिंतीकडे पाहिलं, एकदा बस गेली त्या दिशेला. मग तो वाकला, आणि त्याने शटरावर हळूच टकटक केली.

"अहो, जरा विचारायचं होतं," मामा म्हणाला.

मावशी जागच्या जागी थांबली. तिने मला हाताने थोपवलं.

पंक्चरवाला डोळे चोळत उठला. "काय?"

"इथे माझी बहीण राहते. इस्त्रीचं काम करते. कुठे राहते हे..." त्याने कापड उलगडून पुढे धरलं. "मला सापडत नाहीये. तुम्हाला माहीत आहे का?"

पंक्चरवाल्याने कापडाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि हनुवटीनेच मागे खूण केली. मामा वळला.

मावशीने त्याच्या हातातून कापड घेतलं आणि उलटं केलं, मागची बाजू वर. सगळीकडे दोऱ्यांची टोकं, साखळ्यांऐवजी तुटक टाके, जागोजागी गाठी. पण थांबा उजवीकडे होता आणि निळं शटर त्याच्या डावीकडे.

"ही बघ," ती म्हणाली. "अशी आहे खरी गल्ली. तू नाही चुकलास. मी तुला उलटी पाठवली."

मामा ते कापड बघत राहिला. "त्या रात्री मात्र चुकलो होतो गं, ताई," तो म्हणाला. "पूल बंद होता. कच्च्या रस्त्याने घुसलो. एक चहाची टपरी उघडी होती, तिच्यावरून तीनदा गेलो. तीनदा. थांबून विचारलं असतं तर आई भेटली असती."

मावशीचं तोंड उघडलं. मला धडकी भरली, कारण तिचं तोंड उघडलं की काय निघेल याचा नेम नसतो. पण काही निघालं नाही. तिने त्याच्या शर्टाची कॉलर दोन बोटांत धरली आणि चुरगळलेली घडी सारखी केली, जणू आधी तेच काम करायचं होतं. मग तिथेच हात ठेवून ती रडली.

"तुझे पाय," मामा एकदम म्हणाला. "अगं, पाय बघ तुझे! काही घातलं नाहीस?" तो वाकला, स्वतःच्या चपला काढल्या आणि तिच्यासमोर जमिनीवर ठेवल्या. "घाल. मुकाट्याने घाल."

"आणि तू?"

"मी राजा माणूस. मला काय होतंय?"

ती त्या मोठ्या चपलांत पाय घालून, फटक फटक आवाज करत निघाली. मामा तिच्या शेजारून सावली शोधत, पाय उचलून उचलून चालत होता. मी तिच्या चपला पाठीमागे लपवल्या आणि घरापर्यंत तशाच नेल्या.